पैनगंगेकाठचे कोलाम

मराठवाडा म्हटले की डोळ्यांपुढे कोरडे, उघडे पठार येते. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाशी असलेला किनवट तालुका या कल्पनेत बसत नाही. येथे सागाचे जंगल आहे, डोंगररांगा आहेत आणि उत्तरेस पैनगंगा आहे. नदी ओलांडली की विदर्भातील यवतमाळ जिल्हा लागतो. इस्लापूरजवळ हीच नदी सहस्रकुंडच्या कातळावरून खाली कोसळते. पूर्वेस तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा असून मुदखेडहून तिकडे जाणारा लोहमार्ग किनवटवरूनच जातो.

या भूमीतील माणसे जागची हलली नाहीत, सीमा मात्र हलत राहिल्या. निजामाच्या काळात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते नांदेडला जोडले गेले. गोंड, परधान, आंध, कोलाम आणि बंजारा अशी येथील संमिश्र वस्ती. परंतु 1956 च्या रेषेने एकाच जमातीचे आप्त दोन राज्यांत विभागले. अलीकडची मुले मराठी शाळेत जातात, पलीकडची तेलुगू.

यांत संख्येने लहान आणि तरीही सर्वांत लक्षवेधी जमात कोलामांची. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. कोलामांच्या वस्त्या लहान. यवतमाळकडे त्यांना पोड म्हणतात. बांबूच्या टोपल्या, सुपे आणि तट्टे विणण्यात त्यांचा हात कुशल. स्थानिक देवतांचे पूजक म्हणून गोंडही त्यांना मान देतात, आणि ‘पुजारी’ याच नावाने ओळखतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिचे नाते मराठीशी नसून तेलुगू-गोंडीच्या घराण्याशी आहे.

येथे आकड्यांकडे लक्ष द्यावे लागते. 2001 च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे देशभरात 1,21,855 होते. 2011 मध्ये ते 1,28,451 झाले. वाढ जेमतेम साडेपाच टक्के, तर त्याच दशकात देशाची लोकसंख्या सतरा टक्क्यांहून अधिक वाढली. अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र एकट्या महाराष्ट्रात ‘कोलाम, मन्नेरवारलू’ या नोंदीखाली दीड लाखाहून बरेच अधिक लोक आहेत. दोन नावे एकाच नोंदीत असल्याने ही सारी संख्या कोलामी बोलणाऱ्यांची समजता येत नाही. पण खातेवहीत मुद्दल वाढत असताना व्याज आटत जावे, तसे काहीसे येथे दिसते. जमात टिकते आहे, भाषा मागे पडते आहे.

या भाषेची दखल घेणाऱ्यांत एक नाव मराठवाड्याचेच आहे. निलंगा येथे 1910 साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत अधिकारी होते. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो; आदिलाबादच्या जंगलात फिरून त्यांनी गोंडीचे आणि कोलामीचे व्याकरण लिहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे 1955 मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी वर्ध्याकडच्या कोलामीवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आठवडी बाजारात कोलाम येतो तो टोपल्या, डिंक, चारोळी किंवा मोहफुले घेऊन. दुकानाच्या पायरीशी तो मराठी बोलतो, सीमेपलीकडच्या बाजारात तेलुगू. देण्याघेण्याला तेवढे पुरते. कोलामीत भाव करणारा व्यापारी सापडणे कठीण, आणि त्याची गरजही कोणाला भासलेली नाही. घरातील नव्या पिढीलाही मग हाच हिशेब सोयीचा वाटू लागतो. पुढच्या जनगणनेत प्रगणक वस्तीवर येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचे, हे त्या घरातील तरुण बापानेच ठरवायचे आहे.