दादर टी.टी.

मुंबईबाहेरच्या माणसाला ‘टी.टी.’ म्हटले की रेल्वेतला तिकीट तपासनीस आठवतो. दादर पूर्वेच्या बसथांब्यावरची ही अक्षरे मात्र ‘ट्राम टर्मिनस’ची आहेत. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 मध्ये आली, विजेची 1907 मध्ये. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम दादरला पोहोचली आणि हे वाहन शहरातून कायमचे गेले. तरीही बसमधली माणसे आजतागायत ‘टीटीला उतरायचंय’ असेच सांगतात. ज्या चौकात हा थांबा आहे, त्याचे नाव खोदादाद सर्कल.

आज शहराच्या मध्यावर वाटणारा हा भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपनगरच होता. 1896 च्या प्लेगने दाट वस्तीच्या मुंबईची दैना केली. त्यातून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गर्दी उत्तरेकडे हलवावी म्हणून ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात रस्ते आणि भूखंड आखले. टी.टी.च्या आसपास अजून रुंद, सावलीचे रस्ते दिसतात ते या आखणीमुळे.

त्यातली सर्वांत देखणी वसाहत म्हणजे आंबेडकर रस्त्याच्या पूर्वेची पारशी कॉलनी. ट्रस्टमध्ये अभियंता असलेल्या मंचेरजी एडलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी भूखंड राखून घेतले. मुंबईतल्या इतर पारशी बागांना कुंपण आणि फाटक असते, इथे मात्र वाटसरू खुशाल आत-बाहेर करतो. बुटक्या इमारती, जुनी झाडे, अग्यारी, शाळा आणि संध्याकाळी भरून जाणारे फाइव्ह गार्डन्स, असा हा शांत परिसर आहे. थांब्यापासून चालत तिथे गेले की हॉर्नचे आवाज मागे पडतात.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, रेल्वेरुळांच्या बाजूला हिंदू कॉलनी. इथला पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगतात. याच वसाहतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘राजगृह’ बांधले. घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी झाला होता, त्यांचा प्रचंड ग्रंथसंग्रह इथेच होता. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनेक जण टिळक पूल ओलांडून राजगृहापुढेही नतमस्तक होतात.

स्टेशनच्या बाजूने दक्षिणेकडे गेलेला दादासाहेब फाळके रस्ता हा पूर्वीचा दादर मेन रोड. ‘राजा हरिश्चंद्र’चे बरेचसे काम फाळक्यांनी इथल्या बंगल्यात केले आणि तो चित्रपट 1913 मध्ये प्रदर्शित झाला. पुढे 1929 मध्ये चंदुलाल शहांचा रणजित स्टुडिओही दादर पूर्वेतच उभा राहिला. बोलपटांच्या काळात हे दादर स्टुडिओंचे गाव होते, ही गोष्ट आज इथून लगबगीने लोकल पकडणाऱ्याला सांगूनही पटायची नाही. चित्रपटगृहांचीही तीच गत झाली: ब्रॉडवे थिएटर गेले, नाव व्यापारी संकुलाला उरले. आंबेडकर रस्त्यावरचे ‘चित्रा’ 2019 मध्ये बंद पडले.

पुण्याच्या लोकांसाठी टी.टी. म्हणजे मुंबईचे दार. दिल्लीत 1982 मध्ये झालेल्या आशियाई खेळांतल्या गाड्या नंतर एस.टी.ने घेतल्या, त्या दादर-पुणे मार्गावर धावल्या आणि निमआराम गाडीचे नावच ‘एशियाड’ पडले. त्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, पण इथल्या स्थानकाला ‘एशियाडचा स्टँड’ म्हणणारे अजून भेटतात. चौकावरून आता उड्डाणपूल जातो. घाईची वाहने वरून निघून जातात, बेस्टच्या बसला मात्र खालूनच, थांब्याला लागून जावे लागते.