मनोरुग्णाचे शरीरही दुखते

घरात कोणी मनोरुग्ण असला की सगळ्यांचे लक्ष त्याच्या डोक्याकडे लागते. छातीत दुखते, खोकला थांबत नाही, असे त्याने सांगितले तर 'तो काय, काहीही बरळतो' म्हणून घरचे सोडून देतात. पुष्कळदा दवाखान्यातही तेच घडते. वस्तीत काम करताना आम्ही हे अनेक घरांत पाहिले आहे.

याची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरतात. काही आत्महत्या करतात हे खरे. पण बहुतेकांचा जीव हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसाचे रोग असे शरीराचे आजारच घेतात. विडी-तंबाखू, बसून राहणे आणि काही औषधांमुळे वाढणारे वजन व साखर ही त्याची कारणे. त्यात रोज बुडवून दोन-दोन दवाखाने करणे गरिबाला परवडत नाही. मग तपासणी राहून जाते.

काही जण तर दवाखाना सोडून दर्गा-देवस्थान गाठतात. तामिळनाडूतील एरवाडी येथे बरे होण्याच्या आशेने आणलेले मनोरुग्ण साखळीने बांधून ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे आग लागली आणि २८ जणांचा बळी गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. शरीराच्या रुग्णाला जशी वागणूक मिळते तशीच मनोरुग्णाला मिळाली पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

म्हणून बंधू-भगिनींनो, आपल्या माणसाचे वजन, रक्तदाब आणि साखर सरकारी दवाखान्यात वेळोवेळी तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. कोणती औषधे चालू आहेत ती चिठ्ठी प्रत्येक डॉक्टरला दाखवा. वजन वाढले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. सल्ल्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी मोफत आहे.

अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे सोबत्यांनी पाठ फिरवली होती. कारण काय, तर तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. धम्म मानणाऱ्या घरात कोणताही रुग्ण बिनकामाचा ठरू नये, एवढेच आमचे सांगणे. जयभीम!