मनगटावरचं यंत्र – भाग ५ : सिको की टिसो?

चावीचं आणि ऑटोमॅटिक घड्याळ यांतला फरक गेल्या आठवड्यात पाहिला. आता प्रत्यक्ष खरेदी. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, चायना किंवा पर्शिया क्लस्टरमध्ये राहणारा मराठी नोकरदार चार पैसे साठल्यावर घड्याळ घ्यायला निघाला, की बहुधा दोन नावांपाशी अडतो : सिकोचं प्रेसाज 'कॉकटेल टाइम' आणि टिसोचं पीआरएक्स पॉवरमॅटिक ८०. दोन्ही ऑटोमॅटिक, दोन्ही सेकंदाला सहा ठोके देणारी. टिसो साधारण दीडपट महाग. हे जादा पैसे नेमके कशाचे?

दुकानदार ८० तासांपासून सुरुवात करील. पूर्ण भरलेलं टिसो काढून ठेवलं तरी ८० तास चालतं, सिको ४१. शुक्रवारी संध्याकाळी सातला घड्याळ कपाटात गेलं, तर सिको रविवारी दुपारी बाराच्या सुमारास थांबेल. टिसो सोमवारी सकाळी चालूच असेल. २०२२ पासून अमिरातीत सरकारी सुट्टी शनिवार-रविवारची झाली, त्यामुळे हा हिशेब कामाचा. पण ज्याला फक्त रविवार मोकळा आणि ज्याच्याकडे घड्याळ एकच, त्याच्या हातावर ते रोज हलतंच. त्याने ८० तासांसाठी एक दिरहमही जास्त मोजू नये.

खरा मुद्दा काचेचा, आणि तो दुकानात कुणी काढत नाही. सिकोची हार्डलेक्स म्हणजे टणक केलेली खनिज काच, टिसोची सफायर. काठिण्याच्या मोहस् मापावर सफायर ९, वाळूतला क्वार्ट्झ ७, आणि खनिज काच त्याच्याही खाली. इंटरनॅशनल सिटी वाळवंटाच्या अंगाला. वारा सुटला की बाल्कनीत, गाडीवर, शर्टाच्या बाहीवर बारीक रेती बसते. त्याच बाहीने काच पुसली, की हार्डलेक्सवर रेघ उमटते, सफायर तशीच राहते. कॉकटेल टाइमची तर सगळी मजा तबकडीवरच्या किरणांसारख्या रेघांत. टोकियोच्या गिंझातले बारटेंडर हिसाशी किशी यांच्या कॉकटेलवरून ती सुचली. इतक्या देखण्या तबकडीवर ओरखडलेली काच फार खुपते.

घामाचं म्हणाल, तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सिकोचा चामडी पट्टा लवकरच वास मारू लागतो. पण तो २० मिलिमीटरचा, कुठलाही दुसरा बसवता येतो. पीआरएक्सचा स्टीलचा पट्टा केसला धरूनच घडवलेला; साधा पट्टा त्याला लागत नाही.

दुरुस्तीत मात्र पारडं फिरतं. सिको या यंत्राला दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे इतकी मोकळीक देते. ऐकायला वाईट, पण आत चाल कमी-जास्त करायची कळ असते, आणि एचएमटी उघडून हात बसलेला गावाकडचा घड्याळजी ती ओळखतो. पॉवरमॅटिकमध्ये तशी कळच नाही. त्याचं चक्र कारखान्यातच लेझरने नेमकं केलेलं असतं. ते मागे पडू लागलं, तर कंपनीच्या सेवाकेंद्राची वाट धरावी लागते.

माझं मत सांगतो. अजून काही वर्षं इथेच काढायची आणि रोज एकच घड्याळ वापरायचं, तर टिसो घ्या. ८० तासांसाठी नव्हे, काचेसाठी. लवकरच सांगली-चिपळूणला परतायचं असेल, किंवा घड्याळ लग्नकार्यापुरतंच बांधणार असाल, तर सिको पुरे. उरलेल्या पैशांत दुसरा पट्टा घ्या.

संसाराला लागणारं बहुतेक सगळं शेजारच्या ड्रॅगन मार्टमध्ये मिळतं. घड्याळ मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. हमीपत्रावर शिक्का, तारीख आणि घड्याळाचा क्रमांक आहे ना, ते काउंटरवरच तपासा. लावलेल्या किमतीत ५ टक्के व्हॅट धरलेला असतो आणि इथल्या रहिवाशाला तो परत मिळत नाही; तेव्हा सवलत बिल होण्याआधीच मागा.

पुढच्या आठवड्यात : जुनं एचएमटी विकत घेताना काय पाहावं.