लिंबाला लागलेली दोनशे वर्षे

वास्को द गामाची जहाजे ५ ऑक्टोबर १४९८ रोजी अंजदीव बेटावरून आफ्रिकेच्या दिशेने निघाली. कारवारसमोरचे हे बेट आज गोव्याच्या हद्दीत मोडते. येताना मालिंदी ते मलबार हा प्रवास नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोरावर साधारण तेवीस दिवसांत झाला होता. परतताना मात्र वारे फिरण्याची वाट पाहिली गेली नाही आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. तोवर खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या, घास चावता येत नव्हता, पाय सुजले होते. तीस जण वाटेतच दगावले. एकेका जहाजावर कामाला उभी राहू शकतील अशी सात-आठ माणसे उरली. पुढे चालवायला हात पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले.

या माणसांना मारणारा आजार म्हणजे स्कर्व्ही. शिडाच्या जहाजांनी जगाचा व्यापार आणि समुद्रावरची युद्धे चालवली, त्या सुमारे तीन शतकांत या आजाराने तोफांपेक्षा कितीतरी जास्त खलाशी मारले.

अरबी समुद्रात शतकानुशतके ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांना हा आजार असा छळत नव्हता, कारण त्यांचे प्रवास काही आठवड्यांत संपत. निरोगी माणसाच्या शरीरात क जीवनसत्त्वाचा साठा साधारण दीड ग्रॅम असतो. आहारातून ते पूर्ण बंद झाले, तर एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसू लागतात. युरोपातून आशियाकडे निघालेली जहाजे एवढा काळ सहज जमिनीपासून दूर असत. खलाशांच्या शिध्यात खारवलेले मांस, दगडासारखी कडक बिस्किटे, वाळलेले वाटाणे आणि बिअर. पोट भरे, पण क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य.

आपली त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडे यांना बांधून ठेवणाऱ्या तंतूला कोलॅजेन म्हणतात. त्याचे धागे घट्ट विणले जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, हिरड्यांतून रक्त येते, मांड्यांवर काळेनिळे डाग पडतात. थकवा तर सर्वात आधी येतो.

यावरचा उपाय फार लवकर हाती आला होता. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीवर जेम्स लँकेस्टर चार जहाजे घेऊन निघाला. आपल्या जहाजावरच्या माणसांना तो रोज सकाळी उपाशीपोटी तीन चमचे लिंबाचा रस देत असे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ पोहोचेपर्यंत उरलेल्या तीन जहाजांवरची माणसे इतकी खंगली होती, की त्यांना नांगर टाकायला आणि शिडे उतरवायला लँकेस्टरची माणसे पाठवावी लागली. पण हा अनुभव एका कप्तानाचा राहिला, नियम झाला नाही.

त्याची किंमत १७४० मध्ये निघालेल्या जॉर्ज ॲन्सनच्या आरमाराने मोजली. सुमारे १,९०० माणसे निघाली होती. चार वर्षांनी सेंच्युरियन हे एकच युद्धनौका असलेले जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून इंग्लंडला परतले, तेव्हा मूळच्या माणसांपैकी दोनशेसुद्धा त्यावर नव्हती. शत्रूच्या हातून मेलेले मोजकेच, बाकीचे बहुतांश आजाराने गेले. जहाजावर चेल्सीच्या सैनिकी आश्रमातून आणलेले म्हातारे शिपाईही होते. त्यांच्यातल्या एकाला पन्नास वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. स्कर्व्ही होताच त्या भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडल्या, अशी नोंद सफरीच्या वृत्तांतात आहे. ही अतिशयोक्ती नाही. जखमेचा वण एकदा तयार झाला की संपले असे नसते. त्यातले जुने कोलॅजेन सतत झिजते आणि नवे विणले जाते. विणकाम थांबले की पन्नास वर्षांचा वणही उसवतो.

२० मे १७४७ रोजी सॅलिसबरी या जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. सगळ्यांचा आजार साधारण सारखा, जागा एक, रोजचे अन्नही एकच. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: सफरचंदाची मदिरा, सौम्य केलेले गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचे चाटण, आणि दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यात फळे खाणाऱ्या दोघांपैकी एक कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसऱ्याला बाकीच्या रुग्णांच्या शुश्रूषेला नेमले गेले. इतर उपचारांत मदिरेचा थोडासा गुण दिसला, बाकीचे निरुपयोगी ठरले. औषधांची तुलना करून पाहण्याच्या आजच्या पद्धतीचा हा एक पाया मानला जातो.

तरीही आरमाराचा आदेश निघायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. त्याला काही अंशी लिंडही कारण होता. स्कर्व्हीचे मूळ दमट हवा आणि अडलेला घाम यांत आहे, असे तो मानत असे. १७५३ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात हा प्रयोग मोजक्या पानांत आला. शिवाय फळे टिकत नाहीत म्हणून रस तासन्‌तास तापवून, आटवून पाक करावा, असे त्याने सुचवले. उष्णता आणि हवेने क जीवनसत्त्व नष्ट होते. त्यामुळे बाटलीत आंबटपणा उरला, गुण बराचसा गेला. हा पाक घेऊन लोक बरे होईनात, तेव्हा लिंबावरचाच विश्वास उडाला. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात ब्रिटिश आरमारात सुमारे १,८५,००० माणसे भरती झाली. त्यांतली लढाईत मेली १,५१२. आजाराने मेलेली किंवा पळून गेलेली १,३३,००० हून अधिक.

चित्र बदलले ते गिल्बर्ट ब्लेन या डॉक्टरमुळे. त्याचा दरबारात वावर होता आणि आरमाराच्या आकडेवारीवर पकड होती. १७९४ मध्ये सफोक हे युद्धजहाज इंग्लंडहून मद्रासला निघाले. तेवीस आठवडे ते कुठेच किनाऱ्याला लागले नाही. प्रत्येक खलाशाला रोज सुमारे वीस मिलिलीटर लिंबाचा रस साखरेसह मद्यात मिसळून दिला गेला. काहींना स्कर्व्हीची लक्षणे दिसली, ती रस वाढवताच गेली. जहाज मद्रासला पोहोचले तेव्हा आजाराने अंथरुणाला खिळलेले कोणी नव्हते. त्याच वर्षी लिंड वारला. पुढच्या वर्षी आरमाराने लिंबाचा रस मान्य केला.

यात खरी कळीची गोष्ट वितरणाची होती. रस आजाऱ्यासाठी डॉक्टरच्या पेटीत कुलूपबंद न राहता सगळ्यांच्या रोजच्या शिध्यात आला. आपल्याकडे गलगंड रोखण्यासाठी आयोडीन मिठात घातले जाते, त्यामागेही हाच विचार आहे. हॅस्लरच्या आरमारी रुग्णालयात १७८० मध्ये स्कर्व्हीचे १,४५७ रुग्ण दाखल झाले होते. १८०६ मध्ये एक. फ्रान्सच्या बंदरांना महिनोन्‌महिने वेढा घालून बसणे ब्रिटिश जहाजांना शक्य झाले, त्यात या रसाचा मोठा वाटा होता.

गोष्ट इथे संपत नाही. लिंबू का लागू पडते, हे अजून कोणालाच माहीत नव्हते. आंबटपणाचा गुण असेल, असा समज होता. त्यामुळे १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधल्या छोट्या हिरव्या लिंबांचा रस वापरात आला. तो अधिक आंबट होता, पण त्यात क जीवनसत्त्व कमी. साठवताना आणि तांब्याच्या नळ्यांतून जाताना तेही नासत होते. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाल्याने चूक लक्षात आली नाही. १८७५ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत हा रस असूनही स्कर्व्ही पसरला, आणि डबाबंद मांसातले विष हेच कारण असावे, अशी नवी चुकीची कल्पना रुजली.

त्या विस्मरणाची झळ भारतीय शिपायांनाही लागली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुट इथे पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ब्रिटिश सैनिक घोड्याचे ताजे मांस खात होते. ते बराच काळ नाकारणाऱ्या भारतीय शिपायांत स्कर्व्ही पसरला. त्याच सुमारास हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांनी हिरव्या लिंबाच्या साठवलेल्या रसाचा दुबळेपणा मोजून दाखवला, आणि मोड आलेल्या कडधान्यांत हा गुण तयार होतो हेही सिद्ध केले. क जीवनसत्त्व प्रत्यक्ष ओळखले गेले ते १९३० च्या दशकात. त्यासाठी सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल मिळाले.

आज स्कर्व्ही दुर्मीळ आहे, संपलेला नाही. चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे एकटे वृद्ध, दारूच्या आहारी गेलेले लोक, वर्ष उलटूनही केवळ उकळलेल्या दुधावर वाढणारी बाळे आणि दोन-तीनच पदार्थ खाणारी मुले यांच्यात तो आढळतो. पाय दुखतात म्हणून मूल चालायचे टाळते आणि तपासण्या मात्र सांध्यांच्या होत राहतात. हिरड्यांतून रक्त येण्याची इतर कारणे जास्त आढळतात, म्हणून दंतवैद्याला दाखवावेच. पण त्याबरोबर अंगावर काळेनिळे डाग, न भरणारी जखम आणि सततचा थकवा असेल, तर आहाराची चौकशी व्हायला हवी. निदान झाले तर उपचार स्वस्त आहेत, आणि थकवा एक-दोन दिवसांतच कमी होऊ लागतो.

बाकीच्यांना गोळ्यांची गरज सहसा नसते. जास्त मात्रेने काहींना मूतखड्याचा त्रास होऊ शकतो. प्रौढांची रोजची गरज ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास आहे, ती मध्यम आकाराच्या एका पेरूतूनही भागते. आवळा, कोथिंबीर, मोड आलेली मटकी आणि ताजे कागदी लिंबू यांचीही भर पडते. लिंबू मात्र उकळत्या आमटीत पिळण्यापेक्षा पानात वाढल्यावर पिळावे. घरात किंवा शेजारी कोणी एकटे वृद्ध राहत असतील, तर गोळ्या घेतल्या का, या प्रश्नासोबत आज जेवणात काय होते, हेही विचारावे.