दोघंच का? बीच व्हॉलीबॉल, गेमबॉय आणि माझं फसलेलं गृहीतक

संशोधनात एक मोह हमखास होतो. आकडे जुळतात, आणि ते जुळले की आपल्याला वाटतं, कारण सापडलं! माझ्या पीएचडीच्या एका प्रकरणाचं असंच झालं. तुमच्यापैकी काहीजण सध्या संशोधन आराखडा लिहिताय, म्हणून सविस्तर सांगतो.

विषय होता जुने व्हिडिओ गेम आणि यंत्राच्या मर्यादा. उदाहरण घेतलं होतं गेमबॉयवरच्या 'मालिबू बीच व्हॉलीबॉल'चं. जपानमध्ये हाच खेळ 'सीसाइड व्हॉली' या नावाने आला. वाळूचं मैदान, मध्ये जाळं, दोन्हीकडे दोन-दोन खेळाडू. व्हॉलीबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सहा-सहा जण येतात. मग इथे दोघंच का?

आता यंत्र बघा. निन्टेन्डोचा गेमबॉय 1989 चा. पडदा 160 बाय 144 ठिपक्यांचा, त्यावर करड्या-हिरवट चार छटा. हलणाऱ्या आकृत्या 'स्प्राइट' नावाच्या छोट्या तुकड्यांतून बनतात आणि प्रत्येक तुकडा 8 ठिपके रुंद असतो. पडद्यावर एका वेळी असे 40 तुकडे चालतात, पण कुठल्याही एका आडव्या ओळीत फक्त 10. अकरावा त्या ओळीत दिसतच नाही.

मग मी हिशोब मांडला. एक खेळाडू 16 ठिपके रुंद धरला, म्हणजे ओळीत दोन तुकडे. चार खेळाडूंचे आठ, चेंडूचा एक, त्याच्या सावलीचा एक. बरोब्बर दहा! जाळं पार्श्वभूमीत गेलं की त्याचा खर्च नाही. सहा-सहा खेळाडू घेतले तर ओळीत चोवीस तुकडे, म्हणजे अशक्य. मी थाटात लिहून टाकलं: 'यंत्राच्या मर्यादेमुळे बीच व्हॉलीबॉल निवडला गेला.' त्यावर चौदा पानं रचली.

मॅडमनी पानं वाचली आणि एवढंच विचारलं, "हे खोटं ठरायचं असेल तर काय सापडायला हवं? ते तू शोधलंस का?"

शोधलं नव्हतं. शोधायला एक संध्याकाळ पुरली.

निन्टेन्डोनेच 1986 मध्ये जपानमधल्या फॅमिकॉमसाठी 'व्हॉलीबॉल' काढला होता. त्यात सहा-सहा खेळाडू आहेत, आणि फॅमिकॉमची मर्यादा गेमबॉयपेक्षाही कडक: एका ओळीत फक्त 8 तुकडे. तरी खेळ झालाच ना! कारण सगळे खेळाडू एकाच आडव्या ओळीत उभे नसतात, कुणी वर तर कुणी खाली. शिवाय ओळीत गर्दी झालीच तर तुकड्यांचा क्रम दर फ्रेमला बदलायचा, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा तुकडा गळतो. आकृती लुकलुकते, पण कायमची गायब होत नाही. माझी 'अशक्य' भिंत म्हणजे नुसता उंबरठा होता.

दुसरा पुरावा तर लाज आणणारा. टेक्नॉसचा 'यू. एस. चॅम्पियनशिप व्हीबॉल' हा दोन-दोन खेळाडूंचा बीच व्हॉलीबॉल, आर्केडमध्ये 1988 साली आला. गेमबॉय तेव्हा बाजारातही नव्हता. आणि मुळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दोघादोघांचा खेळ त्याच्याही कित्येक दशकं आधी रुजलेला. बीच व्हॉलीबॉलमध्ये दोन खेळाडू असतात, कारण बीच व्हॉलीबॉलमध्ये दोन खेळाडू असतात. (हे वाक्य प्रबंधात घालायचं धाडस झालं नाही.)

इथे नेमकं काय चुकलं ते बघा. आकडे खरे होते, मर्यादाही खरी होती. मी 'जमतं' यावरून 'म्हणून केलं' यावर उडी मारली. 'मुळे' हा प्रत्यय लिहिण्याआधी दोन प्रकारची उदाहरणं मुद्दाम शोधा: कारण तेच पण परिणाम वेगळा, आणि परिणाम तोच पण कारण गैरहजर. मला दोन्ही सापडली, दोन्ही माझ्या विरोधात. आणखी एक गोष्ट, 16 ठिपके ही रुंदी मी नुसती 'धरली' होती. एम्युलेटरमध्ये स्प्राइटची यादी उघडून मोजता येते, दहा मिनिटांचं काम. हवं ते उत्तर आलं म्हणून मी मोजायला गेलोच नाही.

चौदा पानांतली तीन उरली. प्रश्न आता वेगळा आहे: खेळाडूंची संख्या आधीच ठरलेली असताना, ओळीतल्या दहाच्या मर्यादेने मैदान कुठल्या कोनातून दाखवायचं यावर काही परिणाम केला का? या वेळी मोजणी आधी चालू आहे. लेखन अजून सुरू केलेलं नाही.