देग रिकामी झाली की जाहिरातही थांबावी

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज आटोपली की रमजानच्या बाजाराला रंग चढतो. मुंबईचा मोहम्मद अली रोड असो की नागपूरचा मोमीनपुरा, समोसे, खजूर, फिरनी, फालुदा, शेवया यांच्या गाड्या लागतात. पूर्वी विक्रेत्याची हाळी जिथवर पोहोचे, तिथवर त्याचे गिऱ्हाईक. आता ती हाळी मोबाइलवरून दिली जाते आणि एकदा वेळ लावून ठेवली की यंत्र ती रोज आपोआप देते.

यात अवघड काही नाही. व्हॉट्सॲपच्या व्यवसायासाठीच्या ॲपमध्ये पदार्थांची यादी भावासह लावता येते, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जाते. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश मात्र ज्यांनी दुकानदाराचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे, त्यांनाच मिळतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर नकाशावर दुकानाची जागा दाखवून भोवतालच्या काही किलोमीटरपुरतीच जाहिरात देता येते. महिनाभराच्या पोस्ट आधीच तयार ठेवता येतात. दिवसभर रोजा धरून भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्याला हा मोठाच आधार आहे.

पण यंत्राला सांगितले तेवढेच कळते. अनेक दुकानदार सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकावर आपले नाव घालून ते रोज पाठवतात. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो आणि आधीच मावळतो. मुंबईचा तक्ता नागपुरात फिरला, तर सहरीची वेळ संपून गेल्यावरही माणूस जेवत राहील. नागपूरचा तक्ता मुंबईत आला, तर सूर्यास्तापूर्वीच रोजा सुटेल. दिवसभराची उपासना एका तयार संदेशापायी वाया जाते. म्हणून वेळ आपल्या गावच्या मशिदीतूनच घ्यावी.

दुसरी गोष्ट सचोटीची. हलीमची देग सहा वाजता रिकामी होते, पण ‘गरमागरम हलीम तयार आहे’ हा संदेश साडेसहालाही जातच असतो. गिऱ्हाईक गर्दीतून येते आणि हात हलवत परत जाते. फोटोतला मोठा वाडगा आणि हातात पडणारी छोटी वाटी, हाही त्यातलाच प्रकार. माप मारणाऱ्यांना कुरआनने इतके गंभीर दोषी मानले आहे की ८३ वी सूरह त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा त्यांचा सवाल होता. आजची रास मोबाइलच्या पडद्यावर आहे, सवाल मात्र तोच. माल संपला की जाहिरात बंद करायला एक मिनिट लागते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बोलवायचे कुणाला? धर्म, आरोग्य, राजकीय मत अशा नाजूक बाबींशी जोडलेले जाहिरातीचे पर्याय फेसबुकच्या मूळ कंपनीने जानेवारी २०२२ पासून काढून टाकायला सुरुवात केली. तरीही चाळणी लागतेच. दुकानदार स्वतःच नावे पाहून यादी बनवतो, ‘रमजान आहे, आपल्याच लोकांना पाठवू’ म्हणतो. पुढे यंत्रही जाहिरातीला प्रतिसाद देणाऱ्यांसारखीच माणसे शोधते. वर्तुळ आक्रसत जाते. वर्षानुवर्षे याच दुकानातून शिरखुर्म्याच्या शेवया नेणाऱ्या शेजारच्या काकूंना या वर्षी दुकान लागल्याचेही कळत नाही. कुणी कुणाला हाकलले नाही, भांडण झाले नाही, तरी एक वाट बंद झाली. आपल्या गावांत दिवाळीचा फराळ आणि ईदचा शिरखुर्मा ज्या वाटेने ये-जा करतात, ती ही वाट.

म्हणून निवड अंतराने करावी, आडनावाने नव्हे. दुकानापासून दोन-तीन किलोमीटर म्हटले की मोहल्ला येतो, पेठ येते, वाडाही येतो. जाहिरात मराठीतही असावी. पदार्थ शाकाहारी की मांसाहारी, हे स्पष्ट लिहावे. उपवासाच्या दिवशी खजूर हवे असणाऱ्यालाही ते कुठे मिळतात हे कळू द्यावे.

मात्र बोलावणे वेगळे आणि पिच्छा पुरवणे वेगळे. कुठून तरी नंबरांची यादी विकत घेऊन संदेशांचा मारा करणे हे परवानगीविना दुसऱ्याच्या घरात शिरण्यासारखेच आहे. माणसाच्या माहितीचा वापर त्याच्या संमतीने व्हावा, हा २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही गाभा आहे. ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे. इफ्तारच्या आणि तरावीहच्या वेळी तरी मोबाइल शांत राहू द्यावा.

ईदच्या आधीचे आठ-दहा दिवस खरेदीचे असतात. शेवया, सुका मेवा, अत्तर, कपडे यांच्या जाहिरातींची तयारी आता सुरू होईल. ती यंत्रात भरण्यापूर्वी दुकानदाराने यादी एकदा नीट वाचावी. तिच्यात सगळी पेठ दिसत नसेल, तर राहिलेल्यांना स्वतः जाऊन सांगून यावे.