सिम्युलेटरवरील दोषशोधन : आज्ञावलीच्या आरंभाचा विचार

प्रस्तावना :
बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यांत तापमान, दाब व प्रवाह यांचे नियमन करणाऱ्या उपकरणांत छोटे प्रोसेसर असतात. वीज खंडित होऊन पुन्हा आली की अशा उपकरणातील आज्ञावली पहिल्या आज्ञेपासून चालू लागते. हा आरंभच चुकला, तर पुढील तर्क कितीही निर्दोष असला तरी तो व्यर्थ ठरतो. प्रत्यक्ष बोर्ड हाती नसतानाही आरंभाचा अभ्यास सिम्युलेटरवर करता येतो. तो कसा करावा आणि त्याच्या निकालावर कितपत विसंबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आरंभभागाचे कार्य :
सी भाषेतील आज्ञावली ‘मेन’पासून सुरू होते, असे आपण वर्गात सांगतो. वस्तुतः त्यापूर्वी आरंभभाग तीन कामे करतो : स्टॅक पॉइंटरला मेमरीतील योग्य पत्ता देणे, आरंभीचे मूल्य असलेली चले फ्लॅश मेमरीतून रॅममध्ये उतरविणे आणि उर्वरित जागतिक चले शून्य करणे.

एक उदाहरण :
मद्रासच्या आयआयटीतील ‘शक्ती’ प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेला आहे. याच आज्ञासंचाचे ६४-बिटी यंत्र क्यूईएमयू या सिम्युलेटरवर घेऊ. त्याच्या ‘व्हर्ट’ यंत्रात रॅमचा आरंभ षोडशमान पद्धतीतील ८००००००० या पत्त्यावर होतो. स्टॅक पॉइंटर देण्याचे राहून गेले, तर त्यात शून्य असते. पहिलेच फंक्शन त्यातून १६ वजा करून परतीचा पत्ता साठवू पाहते. परिणामी जेथे रॅमच नाही अशा पत्त्यावर लेखन होऊन अपवाद उद्भवतो. अपवाद हाताळणाऱ्या भागाचा पत्ताही दिलेला नसल्याने प्रोसेसर शून्य पत्त्यावर जातो. तेथेही आज्ञा नसल्याने पुन्हा अपवाद उद्भवतो आणि हे चक्र अखंड चालते. पडद्यावर मात्र काहीच उमटत नाही.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. मूळ अपवादाचा क्रमांक ७, म्हणजे लेखनदोष, हा असतो. परंतु चक्रात अडकताच त्याच रजिस्टरमध्ये क्रमांक १, म्हणजे आज्ञावाचनदोष, येतो. मागाहून पाहणाऱ्यास मूळ कारण दिसतच नाही. म्हणून सिम्युलेटर थांबलेल्या अवस्थेत सुरू करावा, जीडीबी हा दोषशोधक जोडावा आणि पहिल्या आज्ञेपासून एकेक पाऊल टाकीत स्टॅक पॉइंटर तपासावा.

सिम्युलेटरच्या मर्यादा :
वरील दोष निदान प्रकट तरी होतो. अन्य दोन दोष सिम्युलेटरवर झाकले जातात. क्यूईएमयूची रॅम आरंभी शून्यांनी भरलेली असते. त्यामुळे चले शून्य करण्याचे राहिले तरी उत्तर बरोबर येते. तसेच आज्ञावली थेट रॅममध्ये चढविली, तर चलांची आरंभीची मूल्येही आपोआप जागेवर येतात. प्रत्यक्ष बोर्डावर वीज येताच रॅममध्ये काय असेल, याची शाश्वती नसते. यावर उपाय सोपा आहे : ‘मेन’पूर्वी, आरंभभाग चालण्याआधी, चलांच्या जागेत मुद्दाम शून्येतर मूल्ये भरावीत व मग आज्ञावली चालवावी.

निष्कर्ष :
सिम्युलेटर प्रत्येक पाऊल दाखवितो, हे त्याचे सामर्थ्य. तो स्वच्छ मेमरी देतो, ही त्याची मर्यादा. प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करताना केवळ अंतिम उत्तर न पाहता, अस्वच्छ मेमरीवरही तेच उत्तर येते काय, हे अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.